जिक्र-ए-खफी : ओठ न हलवता कल्बाने (हृदयाने) केलेले स्मरण

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. ते नक्षबंदी या सूफी परंपरेतले. या परंपरेचा भर मूक जिक्रवर (नामस्मरणावर), म्हणजे जिक्र-ए-खफीवर आहे.

वेळ फजरच्या (पहाटेच्या) किंवा इशाच्या (रात्रीच्या) नमाजानंतरची. उन्हाळ्यात पहाटच बरी, रात्री उकाड्याने जीव कासावीस होतो. जेवून लगेच बसू नये, डुलकी ठरलेली. वजू करून, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन, सतरंजीवर किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड करून बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते. पाठ ताठ, खांदे सैल.

आधी थोडा इस्तिगफार, म्हणजे देवाकडे क्षमायाचना. मग डोळे मिटावेत, ओठ मिटावेत, जीभ टाळूला लावावी. जीभ मोकळी राहिली की नकळत शब्द पुटपुटू लागते आणि लक्ष घशापाशी अडकते. आता ध्यान डाव्या स्तनाच्या दोन बोटे खाली न्यावे. ही कल्बाची जागा. तिथून ‘अल्लाह’ हे नाव उमटते आहे, असे ऐकत राहावे. श्वास आपल्या चालीने चालू द्यावा.

नवखे इथेच चुकतात. छातीची धडधड शोधतात, ती सापडली की नाव तिच्या ठेक्यात बसवू पाहतात. मग छाती आवळते, श्वास अडतो, डोके जड होते. ठोका जाणवला तर जाणवू द्यावा, त्याच्या मागे लागू नये. श्वास कोंडून करायचा नफी-इस्बातचा (‘ला इलाह इल्लल्लाह’ या नकार-होकाराचा) जिक्र वेगळा. तो पीरांच्या (गुरूंच्या) देखरेखीखालीच करावा, पुस्तकात वाचून मुळीच नाही.

विचार येणारच, पेरणी, पोरांची फी, सगळे तेव्हाच आठवते. त्यांच्याशी झगडू नये. मध्ये थांबून मनातच म्हणावे, ‘इलाही, अन्त मकसूदी व रिजाक मतलूबी’. अर्थ असा, की देवा, माझे ध्येय तूच आणि हवी आहे ती तुझी प्रसन्नता. याला बाजगश्त म्हणतात. एवढे म्हणून पुन्हा नावाकडे वळावे.

पहिले चाळीस दिवस दहा मिनिटे पुरे. एकदाच तासभर बसून पुढे आठवडाभर नागा करण्यापेक्षा ही रोजची दहा मिनिटे फार मोलाची. उजेड दिसला, अंगावर काटा आला, तर त्याचा गाजावाजा करू नये. सांगायचेच तर पीरांना सांगावे.

उठताना डोळे सावकाश उघडावेत, दुआ मागावी, क्षणभर तसेच बसावे. पुढे बाजाराच्या गर्दीत भाजी निवडतानाही तेच नाव आत चालू ठेवून पाहावे. या परंपरेतले जुने गुरू ख्वाजा अब्दुल खालिक गिजदुवानी यांच्या आठ नियमांत याला ‘खल्वत दर अंजुमन’, गर्दीतला एकांत, म्हटले आहे.