चादरीचा लाल रंग मोबाइलवरही लालच दिसावा म्हणून: कलर प्रोफाइल कसं सांभाळायचं

सोलापुरातले कितीतरी चादरवाले आणि टॉवेलवाले आता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवूनच माल विकतात. कॉम्प्युटरवर झकास दिसलेली लाल चादर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मळकट का दिसते, हा प्रश्न त्यांना आणि त्यांच्या फोटोग्राफरला हमखास पडतो. पुष्कळदा कॅमेरा ठीक असतो, गडबड कलर प्रोफाइलची असते. ती सुधारायला नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

फोटोची फाइल म्हणजे शेवटी आकडे. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, बहुधा 0 ते 255 मधले. पण 255 लाल म्हणजे नेमका किती लाल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दुकानात ‘पाच द्या’ म्हटलं की मीटर की वार, हे विचारावंच लागतं. प्रोफाइल म्हणजे तेच माप. रोजच्या कामात दोन मापं येतात. एसआरजीबी हे 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलं. वेबसाइट आणि बहुतेक स्क्रीन तेच धरून चालतात. ॲडोबी आरजीबी 1998 चं. त्यात हिरव्या आणि मोरपंखी छटा जास्त मावतात.

घोळ कसा होतो ते एका ठिपक्यावर बघा. एसआरजीबीतला भडक लाल म्हणजे 255, 0, 0. अगदी तोच लाल ॲडोबी आरजीबीत 219, 0, 0 असा लिहिला जातो. आता त्या फाइलमधलं प्रोफाइल वाटेत गळून पडलं, तर मोबाइल 219 हा आकडा एसआरजीबीचाच समजतो आणि लाल काळवंडतो. चादर तीच, आकडा तोच, माप चुकलं.

पहिलं काम कॅमेऱ्यात. मेनूमध्ये ‘कलर स्पेस’ शोधा आणि एसआरजीबी ठेवा. कॅनन किंवा निकॉनच्या फाइलचं नाव अंडरस्कोरने सुरू होत असेल, तर कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर आहे असं समजा. हे सेटिंग जेपेगपुरतंच, म्हणजे कॅमेऱ्यातूनच तयार होऊन निघणाऱ्या नेहमीच्या फोटो-फाइलपुरतंच. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची फाइल, काढत असाल तर प्रोफाइल नंतर एक्स्पोर्ट करताना ठरतं. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपताना उजेड सारखा बदलतो, तिथे रॉच काढा.

मग उजेड. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे पांढरा पांढराच दिसेल असं सेटिंग, चुकला तर कुठलंही प्रोफाइल तो सुधारणार नाही. खिडकीचा उजेड आणि दुकानाची ट्यूब एकत्र करू नका. ट्यूब बंद करा, चादर सावलीत पसरा आणि पहिल्या फोटोत ग्रे कार्ड ठेवा; त्या करड्या पुठ्ठ्यावरून व्हाइट बॅलन्स जुळवता येतो. लाल, राणी, केशरी अशा रंगांत आणखी एक धोका असतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतला उजेड गडद ते फिका असा दाखवणाऱ्या आलेखात, लाल रंगाची रेघ वेगळी बघा. ती उजव्या कडेला जाऊन थडकली असेल, तर फोटो मोठा करून पाहा: जकार्डच्या (मागावर विणलेल्या) नक्षीतले उभे-आडवे धागे दिसेनासे होऊन तिथे नुसता लाल डाग उरलेला असेल. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात जाणारा उजेड) थोडं उतरवून पुन्हा फोटो काढा, वीण परत दिसते.

स्क्रीन. ब्राइटनेस फार चढवू नका, स्क्रीनचा पांढरा 6500 केल्विनवर, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडासारखा, ठेवा. मोबाइलवर ‘व्हिव्हिड’ मोड असेल तर तो बदलून ‘नॅचरल’ करा, नाहीतर फिका फोटोही तुम्हाला भडक वाटेल. काम नेहमीचं असेल तर मॉनिटर कॅलिब्रेटरने, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणाऱ्या उपकरणाने, तपासून घ्यावा.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची: कन्व्हर्ट करा, असाइन नको. फोटोशॉपच्या एडिट मेनूत ‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ शेजारीशेजारीच असतात. कन्व्हर्ट आकडे बदलतं आणि रंग शक्य तितका जपतं. असाइन आकडे तसेच ठेवून माप बदलतं, त्यामुळे रंग सरकतो. असाइन फक्त तेव्हाच, जेव्हा फाइलला प्रोफाइलच नाही आणि मूळ कुठलं होतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. फुकटच्या गिंपमध्येही इमेज मेनूत ‘कलर मॅनेजमेंट’खाली हे दोन्ही पर्याय मिळतात. आयफोन 7 पासूनचे आयफोन डिस्प्ले पी3 या आणखी एका मापात फोटो काढतात; तेही इथेच एसआरजीबीत आणा.

सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करण्याच्या, म्हणजे फाइलमध्येच जोडण्याच्या, चौकटीत खूण असू द्या. व्हॉट्सॲपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी पोचते.

छपाईचं गणित वेगळं. फोटो लॅब बहुधा एसआरजीबी मागते. त्यांच्या कागदाची आयसीसी फाइल (त्या कागदाचं प्रोफाइल) मिळाली तर सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे छापील रंग स्क्रीनवरच बघून, आधीच अंदाज घ्या. चादरीच्या खोक्यावरचा फोटो ऑफसेटवर छापायचा असेल तर तो सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, होणार आणि भडक रंग थोडे फिके पडणारच. कुठलं सीएमवायके प्रोफाइल हवं ते प्रेसलाच विचारा, आणि एक नमुना छापून तो खऱ्या चादरीशेजारी, दिवसाच्या उजेडात, धरून बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर सोडू नका.