जुन्या होम कॉम्प्युटरला आजची स्क्रीन कशी शोधायची

स्क्रीनच्या मागे लागण्याआधी मशीनची मागची बाजू बघा, कुठलं सॉकेट आहे आणि त्यातून कसला सिग्नल येतो ते कळलं की अर्धं काम झालं. झेडएक्स स्पेक्ट्रमचा (१९८२) सिग्नल आरएफ, म्हणजे अँटेनाच्या वायरीतून चॅनल ३६ वर, आणि नुसता डिजिटल ट्यूनर असलेल्या टीव्हीला तो सापडणारच नाही. त्याला आतल्या मॉड्युलेटरला (चित्राचा टीव्ही चॅनल बनवणारा भाग) बगल देऊन काँपोझिट (सगळं चित्र एकाच वायरीतून नेणारा सिग्नल) काढून घेतात, सोल्डरिंग येत असेल तर अगदी छोटं काम आहे. कमोडोर ६४ च्या ८ पिनवाल्या सॉकेटातून लुमा (उजेड) आणि क्रोमा (रंग) वेगवेगळे मिळतात, ते एस-व्हिडिओला जोडा, काँपोझिटपेक्षा अक्षरं कितीतरी स्वच्छ दिसतात. रंगांवर जाळीसारखी नक्षी दिसली तर क्रोमाच्या वायरीत ३०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाकतात. अमिगा ५०० मधून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींतून) येतो, तो मिळत असताना दुसरं काही वापरू नका. बीबीसी मायक्रोचा आरजीबी मात्र टीटीएल लेव्हलचा (डिजिटल, बराच जास्त व्होल्टेजचा) असतो, स्कार्टला (युरोपातल्या जुन्या टीव्हींचं सॉकेट) हवा ०.७ व्होल्ट, म्हणून मध्ये रेझिस्टर नसलेली केबल लावू नका.

आता खरी अडचण. यातली बहुतेक मशीन सेकंदाला साधारण १५,६२५ रेषा काढतात, म्हणजे १५ किलोहर्ट्झ, आणि व्हीजीए मॉनिटर सुरूच होतात ३१ पासून. त्यामुळे अमिगाला व्हीजीए अडॅप्टर लावला, केबल नीट बसली, तरी बहुतेक मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ येतं नाहीतर काहीच येत नाही. काही जुने एलसीडी १५ घेतात, पण मॅन्युअलमधल्या फ्रिक्वेन्सीच्या तक्त्यात हॉरिझाँटलचा आकडा १५ पासून सुरू होतोय का ते बघूनच पैसे द्या, विकणाऱ्याच्या ‘चालेल हो’ वर जाऊ नका.

टीव्हीला काँपोझिट असला तरी लगेच खूश होऊ नका. हा सिग्नल बहुतेकदा प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक वेळी पूर्ण चित्र) असतो, २४० किंवा २८८ रेषांचा, पण बरेच टीव्ही त्याला इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांची दोन अर्धी चित्रं) समजून डीइंटरलेस करतात, म्हणजे दोन चित्रं एकत्र जोडतात, मग सरकणाऱ्या चित्राच्या कडा फाटतात, झपझप उघडझाप करणारे स्प्राइट (गेममधल्या हलत्या आकृत्या) मध्येच गायब होतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. टीव्हीत गेम मोड असेल तर आधी तो चालू करून बघा.

माझं मत विचाराल तर जुना सिग्नल आजच्या स्क्रीनला चालेल असा करणारा कन्व्हर्टर घ्याच. ओएसएससी नावाचा कन्व्हर्टर फ्रेम साठवत नाही, रेषा दुप्पट-पाचपट करून लगेच पुढे पाठवतो म्हणून उशीर जवळपास शून्य, पण रिफ्रेश रेट जसाच्या तसा जातो आणि पॅल (युरोप-भारतातली जुनी टीव्ही पद्धत) मशीन ५० हर्ट्झवर चालतात, ते न घेणारा मॉनिटर काळाच राहतो. काँपोझिट किंवा एस-व्हिडिओच असेल तर रेट्रोटिंक हे कन्व्हर्टर बघा, ओएसएससीच्या मूळ मॉडेलला ते इनपुट नाहीत. बजेट कमी असेल तर जीबीएस-८२०० या स्वस्त कन्व्हर्टर बोर्डाला ईएसपी८२६६ मॉड्यूल जोडून त्यात जीबीएस-कंट्रोल फर्मवेअर टाका, थोडी खटपट आहे पण त्या पैशात एवढं चांगलं चित्र क्वचितच मिळतं. बीबीसी मायक्रोसाठी रास्पबेरी पाय झीरो या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारा आरजीबी-टू-एचडीएमआय मला सगळ्यात आवडतो, एकेक पिक्सेल धारदार.

मॉनिटर निवडताना ५० हर्ट्झची खात्री सगळ्यात आधी. ते तपासायला आडवं सरकणारा एखादा गेम लावा, पार्श्वभूमी ठरावीक वेळाने झटका देत असेल तर ५० चे ६० केले जातायत, मग कन्व्हर्टर कितीही महागडा असू दे, मॉनिटर बदला. आणि शक्यतो ४:३ चा घ्या, १६०० बाय १२०० वाले जुने २० इंची यासाठी फार छान, रुंद स्क्रीन असेल तर ॲस्पेक्ट ४:३ ला लॉक होतोय ना ते मेनूत बघून घ्या.