मित्रासोबत मुंबईत: सकाळची बोट ते शेवटची लोकल

सोमवार टाळा, त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात. गेटवेहून सकाळी नऊच्या सुमाराची बोट धरा. जायला तासभर लागतो. वर सुमारे 120 पायऱ्या आहेत. दुकानांत उतरतानाच थांबा. चढताना हातात केळी-वेफर्स नकोत, माकडं पिशवीसकट ओढून नेतात. त्रिमूर्ती सुमारे 20 फूट उंच, पण उन्हातून आत गेल्यावर आधी नुसता काळोख. दोन मिनिटं गप्प उभे राहा. मधल्या चेहऱ्याच्या मिटलेल्या पापण्या हळूहळू दिसू लागतात.

परतल्यावर फोर्टात इराण्याकडे बनमस्का, चहात बुडवूनच. सूर्यास्ताला नरिमन पॉइंटचं टोक गाठा आणि अंधार पडल्यावर मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडेने चौपाटीपर्यंत चालत या. पावसाळ्यात आधी भरतीची वेळ बघा. लाटा थेट फुटपाथवर येतात.

गोंधळ होतो तो घरी जाताना. एक डोंबिवलीचा, दुसरा बोरिवलीचा असेल तर घड्याळं वेगळी: सीएसएमटीहून डोंबिवलीकडच्या लांबच्या शेवटच्या गाड्या बारानंतर लगेच सुटतात, बोरिवलीसाठी चर्चगेटला साधारण एकपर्यंत मुभा. डोंबिवलीकराने साडेअकरालाच सीएसएमटीसाठी टॅक्सी धरावी. चुकलीच, तर पुढची लोकल थेट पहाटे चारच्या आसपास.