कोकण किनाऱ्यावरची भुताची साहसकथा मुलांसाठी कशी लिहावी?

भुतापासून सुरुवात करू नका. आधी पंचांग उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला (पंधरावी तिथी) हिशोबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. मग सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी.

कथानक यातच दडलंय. डिसेंबरातली अमावास्या घ्या. सूर्य बुडतोय, नेमकी तेव्हाच पुरती ओहोटी. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडलेत आणि पोरं कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला तिथवर चालत गेलीत. परतायला उशीर झाला, की मध्यरात्रीपर्यंत उधाण चढतच राहणार, आणि वर चंद्रही नाही. अष्टमीला हा प्रसंग घालू नका. तेव्हा भांगाचं पाणी असतं, ते फार हटत नाही आणि फार चढतही नाही. किनाऱ्यावरची मुलं ही चूक लगेच पकडतील.

जागा छोटीच घ्या. सिंधुदुर्ग, जंजिरा मोह घालतात, पण एक वाडी, खाडी, सुरूचं बन आणि पडका धक्का पुरे. नकाशा काढून चालायला लागणारी मिनिटं त्यावर लिहा.

आता भूत. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा वाट विसरायला लावतो. मला मात्र मुलांसाठी देवचार फार योग्य वाटतो, कारण तो सीमेची राखण करतो आणि वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात; रात्री राखणीला फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तो गावाचा देव, त्याला गोष्टीत भूत करू नका. पण तुमच्या देवचाराची झिजलेली वहाण, तळव्याला चिकटलेली ओली रेती पोरांना सापडू द्या. त्याला एकच नियम द्या, उदाहरणार्थ भरतीची रेघ ओलांडता येत नाही, आणि तो शेवटपर्यंत पाळा.

आजीच्या तोंडी ‘तिन्हीसांजेक थंय जाव नको’ एवढंच. कारण तिने सांगायचं नाही.

थंडीत काही रात्री लाटा निळ्या चमकतात. नॉक्टिलुका हे सूक्ष्मजीव पाणी ढवळलं की प्रकाश देतात. मुलांना आधी घाबरू द्या, मग हे कारण शोधू द्या. वहाणेचं कोडं मात्र उलगडू नका.

मसुदा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. चुळबुळ सुरू झाली तिथे वर्णन कापा, ‘पुढे काय?’ विचारलं तिथे प्रकरण तोडा.