गोव्यात जुन्या गाड्यांच्या वस्तू जमवायच्यात? मग अशी सुरुवात करा

जुनी गाडी घेणं परवडत नाही, परवडलं तर ठेवायला जागा नसते, आणि जागा असली तर घरचे ऐकत नाहीत. म्हणून बरेच जण गाडीऐवजी गाडीच्या आजूबाजूच्या वस्तूंकडे वळतात. बॉनेटवरचे बॅज, ब्रोशर, मॅन्युअल, पेट्रोलपंपाच्या पाट्या, नंबरप्लेटी, ऑइलचे डबे, डायकास्ट गाड्या (साच्यात ओतलेल्या धातूच्या खेळण्यातल्या), असं सगळं यात येतं. पण एक गोष्ट आधीच सांगतो, गोव्यात राहून हा नाद करायचा असेल तर गोव्याचंच जमवा. रोल्स रॉयसच्या बॉनेटवरची १९११ पासूनची ती पंखवाली बाई जगभरचे पैसेवाले जमवतात, त्यांच्या नादी आपण कशाला लागायचं, पण मडगावच्या एखाद्या बंद पडलेल्या गॅरेजचं एस्कुदोतलं, म्हणजे पोर्तुगीज चलनातलं, बिल लंडनवाल्याला कुठून मिळणार?

आणि इथे माल आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य होतं, तिकडे भारतात परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं आणि इकडे मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस सर्रास, मर्सिडीजच्या तर टॅक्सी पळायच्या. गाड्या भंगारात गेल्या पण त्यांचे कागद, हबकॅप, टूलकिट अजून घराघरात माळ्यावर पडून आहेत.

आधी विषय ठरवा

"जुनं दिसलं की घेतलं" असं केलंत तर वर्षभरात खोलीचा भंगार अड्डा होईल. एकच धागा पकडा. फक्त टॅक्सीचं, किंवा फक्त कागद, किंवा फक्त फियाट-पद्मिनी. नवख्या माणसाला मी कागदच सुचवतो, कारण स्वस्त मिळतात, एका कपाटात मावतात आणि बाकीचे लोक पाट्यांच्या मागे असल्यामुळे कागदाकडे कुणी बघत नाही. मुलांसाठी जमवत असाल तर कोलकात्याला डिंकी या इंग्लिश खेळणी कंपनीच्या जुन्या साच्यांवर बनलेल्या निकी टॉइजच्या गाड्या मजेशीर आहेत, त्यांचा रंग जरा ओबडधोबड असतो पण तीच त्यांची खरी ओळख.

मग काळ ओळखायला शिका

हे जमलं की अर्धं काम झालं, आणि गोव्यात ते बाहेरच्यापेक्षा सोपं आहे कारण इथे राज्य बदललं, चलन बदललं, भाषा बदलली आणि प्रत्येक बदलाचा शिक्का कागदावर बसलेला आहे.

बिलावर आधी चलन बघा. पोर्तुगीजांचा रुपिया असेल तर साधारण १९५८ च्या आधीचं, एस्कुदो असेल तर १९५८ ते ६१ या चिमुकल्या काळातलं (म्हणून ते मला जास्त आवडतं), आणि भारतीय रुपये असतील तर मुक्तीनंतरचं. एका रुपियाला सहा एस्कुदो हा बदलीचा दर होता, त्यामुळे दोन बिलांतले आकडे ताडून बघता येतात. गाडीच्या नोंदणीचं पुस्तक म्हणजे लिव्रेत, ते पोर्तुगीजमध्ये, त्यात मेक, इंजिन नंबर, मालक सगळं असतं. एखाद्या घरी लिव्रेत आणि त्याच गाडीचा बॅज दोन्ही मिळाले तर घासाघीस करू नका, गपचूप घ्या, कारण सुट्या बॅजला किंमत असते आणि गाडीचा पत्ता लागलेल्या बॅजला गोष्ट असते.

नंबरप्लेटीचंही तसंच. मुक्तीनंतर जीडीने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी सिरीज आल्या, त्यातला जीडी म्हणजे गोवा-दमण, आणि १९८९ नंतर देशभर नवीन पद्धत आली तेव्हापासून जीए. म्हणजे जीडीची प्लेट दाखवून कोणी "ही नव्वदच्या दशकातली नवी गाडी" म्हणाला तर हसून पुढे जा.

पंपाच्या पाट्यांसाठी कंपन्यांची नावं लक्षात ठेवा. भारतातला एस्सोचा धंदा सरकारने १९७४ ला घेतला, बर्मा शेल १९७६ ला, आणि त्यातून पुढे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम आले. त्यामुळे बर्मा शेलची खरी पाटी त्याच्या आधीचीच असणार, नंतरची "अँटिक" म्हणून कोणी देत असेल तर ती नवीन बनवलेलीच.

स्पीडोमीटर हातात आला तर मैल की किलोमीटर तेही बघा. पोर्तुगीज मेट्रिकवाले, भारतात त्या काळी मैल चालायचे. हा काही पक्का पुरावा नाही पण इशारा चांगला आहे.

कुठे शोधायचं

हणजुणेचा बुधवारचा बाजार किंवा हडफड्याचा शनिवारचा रात्रीचा बाजार बघायला छान आहे, पण पर्यटकांसाठी लागलेल्या पत्र्याच्या पाट्या हव्यात कुणाला, त्यातल्या बहुतेक कालच रंगवलेल्या असतात. म्हापशाचा शुक्रवार बरा, पण सकाळी लवकर जा. मुंबईला गेलात तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहेच, तिथे भाव ऐकून घाबरायचं नाही, निम्म्यापासून बोलायचं.

खरा माल मात्र तीन ठिकाणी मिळतो, बंद पडायला आलेली गॅरेजं, भंगारवाले आणि जुनी घरं. भंगारवाल्याला आधीच विचारून ठेवा, "पात्रांव, हे वजनावर देणार की नगावर?" त्याने वजनावर म्हटलं तर तुमचं नशीब. त्याला मोबाईलवर दोन-तीन फोटो दाखवून ठेवा, असं काही आलं तर वितळवायला पाठवू नको, मला फोन कर. जुन्या घरात जाताना मात्र थेट "काय विकायचं आहे?" विचारू नका. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसा, चहा घ्या, आजोबांच्या गाडीबद्दल विचारा. फोटो आपोआप बाहेर येतील, फोटोतली गाडी दिसली की माळ्यावरचं टूलकिट आठवतं. फोटो ते देणार नाहीत आणि मागूही नये, परवानगी घेऊन त्याचा फोटो काढा.

बघून डोळा तयार करायचा असेल तर नुवेंला जुन्या गाड्यांचं अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड आहे, आणि बाणावलीला गोवा चक्र या संग्रहालयात मोटारीच्या आधीची वाहनं बघता येतात. बॅज, दिवा, हँडल गाडीवर नेमकं कुठे बसतं ते एकदा नीट बघितलं की सुटा तुकडा हातात आल्यावर लगेच ओळखता येतो.

खरं की खोटं, हे कसं तपासायचं

मीनाकारीच्या पाटीपासून सुरू करू. लोखंडी पत्र्यावर काचेचा थर भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे चुंबक चिकटतं, पृष्ठभाग गार आणि काचेसारखा लागतो, आणि रंग थराथराने चढवलेले असल्यामुळे अक्षराच्या काठावर नखाला हलकी पायरी जाणवते. टवका उडाला असेल तर तिथे काळसर लोखंड आणि कडेला काचेची धार दिसते. खोट्या पाटीत रंग सपाट, टवके गोलसर आणि गंज अगदी एकसारखा पसरलेला. स्क्रूच्या भोकाभोवती बघा, खऱ्या पाटीला तिथे वर्षानुवर्षं ताण पडून टवके उडालेले असतात, खोटीला मधोमध उगाच टवके आणि भोकं मात्र कोरी. पाठीमागचा भाग तर लोक बघतच नाहीत, तो आधी बघा.

कागदासाठी दहापट भिंग घ्या, फार महाग नसतं. जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असलं तरी अक्षरं सलग शाईची असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात, भिंगाखाली कडा फाटल्यासारख्या दिसतात. हे एकदा स्वतः बघितलं की विसरत नाही. बॅजच्या मागे कारागिराचं नाव असतं का बघा, बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँटसारखे छाप असलेले बॅज सापडतात, आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनचे तर मुंबईकडून इकडे बरेच आलेले असणार.

एक सावधगिरी. चालू गाडीची आरसी, चॅसिस नंबरची पट्टी असलं काही कोणी विकायला आणलं तर हात लावू नका, चोरीच्या गाडीला कागद चिकटवायचे धंदे यातूनच होतात. जुनी प्लेट भिंतीला लावा, गाडीला नाही.

पावसाळ्यात कसं ठेवायचं

इथे संग्रह मरतो तो चोरांमुळे नाही, जून ते सप्टेंबरमुळे. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला कपाट कधीच टेकवू नका, भिंत ओल ओढते आणि मागचा पुठ्ठा आधी बुरशी धरतो. कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नाही, ते कालांतराने चिकट होतं. लॅमिनेशन तर चुकूनही नको, गावातला झेरॉक्सवाला प्रेमाने सुचवतो पण ते उलटवता येत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की बदला. वाळवीसाठी कपाटाचे पाय महिन्याने तपासायचे.

पितळेला चिंच लावायची सवय आपल्याला समईमुळे असते, पण मीनाकारीच्या बॅजला आंबट काही लावू नका, रंगाच्या कडा खाल्ल्या जातात. पाण्यात जरासा साबण, मऊ कापड आणि लगेच कोरडं करायचं. समुद्राजवळ राहत असाल तर क्रोमवर मेणाचा पातळ हात द्या. पेट्रोलचा जुना डबा आत वास मारत असेल तर वेल्डिंग, तापवणं काहीही करू नका, वाफ अजून आत असू शकते. ब्रेक शूचा जुना बंद डबा मिळाला तर डबाच ठेवा, आतलं घासू नका, त्या काळच्या लाइनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं.

आणि एक वही करा, खरंच करा. वस्तू, कुठून, कुणाच्या घरातून, कोणत्या गाडीची, किती दिले, मागचा-पुढचा फोटो. मालकाने सांगितलेली हकिकत त्याच दिवशी लिहा. इंटरनेटवर टाकताना लिव्रेतवरचा पत्ता, नाव झाका, ती माणसं किंवा त्यांची पोरं अजून त्याच वाड्यावर राहत असतात. एकच वस्तू दोनदा आली तर जादाची विकू नका, अदलाबदलीला ठेवा, वास्कोचा कोणीतरी डिचोलीच्या टॅक्सीचं काहीतरी धरून बसलेला असतोच, आणि तो पैशाला देत नाही.