स्वस्त एसएसडी तपासायची तर आधी अर्धी भरा

एसएसडी बसवली, विंडोज चढवलं, इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरतो. सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओंपर्यंत मी अशा पुष्कळ बसवल्यात. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी खोक्यावर बोट ठेवून "साडेतीन हजारचं स्पीड आहे" (म्हणजे सेकंदाला तितके एमबी) असं सांगतोच. त्या आकड्यावरून काहीही ठरत नाही.

पहिल्यांदा क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. नव्या ड्राइव्हवर चालू राहिल्याचे शेकडो तास दिसले तर ती नवी नाही, परत करा. विंडोजमध्ये 480 जीबीच्या जागी 447 दिसले तर दुकानदाराशी भांडू नका; कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने.

मग क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा आणि वरची ओळ सोडून थेट 4 केच्या एका रांगेच्या (RND4K Q1T1) ओळीवर या; ती विखुरलेल्या बारीक तुकड्यांचा वेग सांगते. तिथला वाचण्याचा आकडा पाहा. जुन्या हार्डडिस्कवर तो सेकंदाला 1 एमबीसुद्धा नसतो, स्वस्त एसएसडीवर साधारण 20 ते 50 असतो. टॅली पटकन उघडते ती याच्या जोरावर.

आता खरी मेख. स्वस्त ड्राइव्ह रिकामी असताना सगळ्यांनाच फसवते. टीएलसी चिपच्या एका घरात तीन बिट मावतात, क्यूएलसीत चार. पण एकच बिट लिहिणं फार जलद होतं, म्हणून रिकामी घरं आधी तशीच वापरायची आणि आवराआवर नंतर करायची, अशी ही चाल. हिला कॅश म्हणतात, गल्ल्यातली नव्हे. हळदीची पोती आली की दारातच उतरवून घ्यावीत, थप्पी नंतर लावावी, तसं. दार भरलं की मागच्या गाड्या अडकल्या! क्रिस्टलडिस्कमार्कची एक जीबीची चाचणी म्हणजे पहिली चार पोती.

म्हणून ड्राइव्ह निम्म्याहून जास्त भरा, मग 50 जीबीच्या आसपासचे व्हिडिओ एका दमात कॉपी करा आणि कॉपीच्या खिडकीतला आलेख बघत बसा. मध्ये थांबू नका. थांबलात की ड्राइव्ह आवरून घेते आणि पुन्हा चकचकीत आकडा दाखवते. पहिले काही सेकंद सोडून द्या, ते रॅमचे असतात.

इथे मी एकदा तोंडावर आपटलोय. आलेख सेकंदाला 110 एमबीवर सपाट दिसला, ड्राइव्ह भिकार ठरवून मी ती परत पाठवली. नंतर लक्षात आलं, फाइल जुन्या हार्डडिस्कवरून येत होत्या. तो वेग हार्डडिस्कचा होता, बिचाऱ्या एसएसडीचा नव्हे! पेनड्राइव्हचंही तेच. दुसरी एसएसडी नसेल तर त्याच ड्राइव्हवरचं फोल्डर तिथेच दुसऱ्या नावाने कॉपी करा. वाचणं-लिहिणं एकत्र झाल्याने आकडा कमी येईल, पण वेग कुठे कोसळतो ते दिसेल. आणि ड्राइव्ह यूएसबीच्या डबीत घालून चाचणी घेऊ नका.

कोसळून 300 वर थांबली तर स्वस्तातल्या ड्राइव्हला मी खुशाल पास करतो. शंभराच्या खाली गेली तर लिहिण्यात ती हार्डडिस्कहून गेलेली आहे. स्टुडिओवाल्याने ती घेऊ नये, रोज रात्री कार्डं रिकामी करताना रडेल. अडत दुकानात मात्र मी तीच बसवतो. तिथे एका दमात 50 जीबी कोण लिहितंय?

टीबीडब्ल्यूच्या, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टीबी लिहिता येतील त्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. रोज 20 जीबी लिहिले तर वर्षाला साडेसात टीबीसुद्धा होत नाहीत. 300 टीबीडब्ल्यूची ड्राइव्ह त्या हिशेबाने चाळीस वर्षं पुरेल, तोवर कॉम्प्युटरच भंगारात गेलेला असेल. त्यापेक्षा तीनऐवजी पाच वर्षांच्या वॉरंटीला दोन-तीनशे रुपये जास्त द्यायला माझी हरकत नाही.

मित्राने तेच मॉडेल घेतलंय म्हणून चाचणी टाळू नका. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली मेमरी चिप आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर बदलण्याचे प्रकार या धंद्यात झालेले आहेत. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि हे सगळं ड्राइव्ह परत घ्यायची मुदत संपायच्या आत उरका.