तारेचा अँटेना: फक्त एसडब्ल्यूआर पाहून समाधान मानू नका, या चुका टाळा

हॅम रेडिओसाठी तारेचा अँटेना लावला की बहुतेक जण फक्त एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा (१ सर्वांत चांगला), पाहतात. अँटेनाऐवजी डमी लोड (शक्तीची नुसती उष्णता करणारा रोध) जोडला तरी मीटर १ दाखवतो, पण त्यावरून कुणाशी बोलणं होत नाही. कमी एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की रिगमधून (रेडिओ संचातून) निघालेली शक्ती परत फिरत नाही. ती तारेतून बाहेर पडली की केबलमध्ये उष्णता होऊन संपली, हे मीटरला कळत नाही. म्हणून जुन्या केबलवर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तर खूश होऊ नका, पाणी शिरलं असेल. अँटेनाकडचं टोक सोडवून मोकळं ठेवा आणि रिगकडच्या टोकाला अ‍ॅनालायझर लावा. त्यावर एसडब्ल्यूआरचा आकडा खूप मोठा यायला हवा. तो ३ च्या आसपास आला, तर जाता जाताच निम्मी शक्ती केबल खाते आहे.

दुसरी चूक ट्यूनरच्या (रिग आणि केबल यांचा मेळ घालणाऱ्या डब्याच्या) भरवशावर होते. ७ मेगाहर्ट्‌झचा, सुमारे २० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार) कोअ‍ॅक्सने (बाहेरून जाळी असलेल्या गोल केबलने) फीड करून १४ मेगाहर्ट्‌झवर चालवला, तर मधल्या फीड पॉइंटला (केबल जोडण्याच्या जागी) इम्पीडन्स (विद्युत अडथळा) हजारो ओहमवर जातो. टेबलावरचा ट्यूनर रिगला खूश करतो. केबलमधला एसडब्ल्यूआर तसाच राहतो आणि शक्ती तिथेच जिरते. एकाच तारेवर अनेक बँड हवे असतील तर कोअ‍ॅक्सऐवजी ४५० ओहमची लॅडर लाइन (दोन समांतर तारांची, कमी शक्ती खाणारी फीड लाइन) घ्या. गंमत म्हणजे हाच डायपोल २१ वर कोअ‍ॅक्सनेही बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे तारेत तीन अर्धतरंग (अर्ध्या तरंगलांब्या) बसतात.

एंड-फेडमध्ये (एका टोकाला फीड केलेल्या तारेत) सर्वाधिक गोंधळ दिसतो. अर्धतरंगी तारेला ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो. ९:१ अननला (हाही एक ट्रान्सफॉर्मरच) मुद्दाम अर्धतरंगाच्या पटीत न बसणारी तार हवी. ७ मेगाहर्ट्‌झसाठी या अननवर २० मीटरची तार टाळा. आणि काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची जादा तार) दिलाच नाही, तर त्याचं काम कोअ‍ॅक्सची बाहेरची जाळी करते. मग माइक ओठांना चटका देतो, संगणक अडखळतो, घरातला सगळा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो. खात्री करायची असेल तर दोन-तीन मीटर केबल वाढवा. एसडब्ल्यूआर ठळक बदलला, तर केबलच अँटेना झाली आहे. फेराइट रिंगवर कोअ‍ॅक्सचे दहा-बारा वेढे घेऊन चोक (जाळीच्या बाहेरचा प्रवाह अडवणारं वेटोळं) करा. डायपोलच्या फीड पॉइंटलाही मी चोक लावतोच, चालढकल करत नाही.

अर्धतरंगी तारेच्या लांबीसाठी १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागा, उत्तर मीटरमध्ये येईल. ते फक्त सुरुवातीचं माप. प्लॅस्टिक आवरणाची तार थोडी कमी लागते, उंचीनेही फरक पडतो. जास्तीची तार कापू नका, टोकाला उलटी दुमडून गुंडाळा.

टोकांना व्होल्टेज खूप असतं, ती हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. आणि विजेच्या तारांपासून एवढं अंतर राखा की दोन्हींपैकी कुठलीही तुटून पडली, तरी दुसरीला शिवणार नाही.